गॅस गेलाय म्हणे!

आषाढात कोल्हापुरात त्र्यंबोली देवीच्या यात्रा सुरू झाल्या की आम्हा फ्रीज दुरुस्तीवाल्यांचे फोनही वाढतात. गल्लीचं जेवण, पाहुणे, आणि आदल्या रात्रीच फ्रीजरमध्ये कोंबलेलं चिकन. मंगळवार पेठेतल्या एका घरून सकाळीच फोन आला. "मेस्त्री, फ्रीजचा गॅस गेलाय बघा. रात्रभर ठेवलंय तरी चिकन आतून मऊच."

जाऊन बघितलं. सात-आठ किलो चिकन, दुकानाच्या काळ्या पिशवीतच, एकच गोळा. मागची हवेची जाळी बर्फानं पार बुजलेली. कॉम्प्रेसर ठणठणीत, गॅस जागच्या जागी. पिशवी वरून दगडासारखी. थर्मामीटरची सुई मधोमध खुपसली, तर ९ अंश! वहिनींनी दोनदा वाकून आकडा बघितला.

मांसात गारवा फार सावकाश उतरतो. वरचा थर गोठतो आणि आतला भाग रात्रभर जंतूंना मोकळं रान. उणे १८ ला गोठलेला माल घरचा फ्रीजर महिनोन्महिने सांभाळेल; पण एवढा ढीग एका रात्रीत गोठवणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

"रस्सा रटरटला की सगळं मरतंय," आजी म्हणाल्या. जंतू मरतात हो, चिकन आतपर्यंत ७४ अंशाला पोचलं की मरतातच. पण काहींनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. टाकून द्या म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे पडले. दीड-दोन हजारांचा माल होता.

त्यात ओट्यावर आधीचं गोठवलेलं एक पाकीट, पहाटेपासून सुटायला ठेवलेलं. खाली लालसर पाणी, त्याला टेकून कोथिंबिरीची जुडी. सुई कडेला लावली तर २३ अंश, आत अजून बर्फ. तेही गेलं, कोथिंबिरीसकट. म्हटलं, वहिनी, भांड्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं, दोन किलोला अख्खा दिवस धरा. घाई असेल तर पिशवी घट्ट बांधून गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाला पाणी बदला. अर्धा किलो तासाभरात सुटतं. ते मात्र लगेच शिजवायचं.

गॅस भरल्याचं दाखवून चार पैसे जास्त मिळाले असते; आमच्यातले काही जण घेतातही. मी जाळीवरचा बर्फ काढला, फेरीचे पैसे घेतले आणि निघालो.

दुपारी पुन्हा फोन. दादांनी ताजं चिकन आणलं होतं, उरलेलं अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत भरणं चाललं होतं. "मेस्त्री, आडव्या ठेवू की उभ्या?"

"आडव्या, चपट्या करून. आणि गोठेपर्यंत एकीवर एक नको."