मामीची अंगठी, वाटाण्याचं रान आणि एक शिवराई

मामीची अंगठी वाटाण्याच्या तोडणीच्या दिवशी रानात पडली. आम्हाला कळलं तेव्हा तोडणी होऊन तीन आठवडे झाले होते आणि वर कुळवाची एक पाळीही घालून झाली होती. मित्राकडे मेटल डिटेक्टर होता (हौसेने घेतलेला, वर्षभर माळ्यावर पडलेला), म्हणून ऑक्टोबरातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही हडपसर सोडलं. दिवे घाट उजाडायच्या आत चढलेला बरा, नाहीतर ट्रकच्या मागे रांगत जावं लागतं. मामाचं रान सासवडच्या थोडं पुढे आहे.

चहा घेताना मामाला आधी मोटारीच्या केबलचं विचारलं. विहिरीपासून केबल आणि पाइपलाइन कुठून पुरलीय, ते त्याला चालत दाखवायला लावलं आणि मागोमाग चुन्याची रेघ ओढली. खोदायच्या आधी एवढं कराच. मोटार चालू असली की यंत्रही उगाच कुरकुरतं, म्हणून ती दुपारपर्यंत बंद ठेवली.

आपल्याकडची माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यात लोहखनिजाचे कण भरपूर. यंत्र पहिल्या दहा मिनिटांत जागोजागी ओरडायला लागलं. धातू नसलेली जागा शोधून, कॉइल (यंत्राची खालची गोल चकती) जमिनीशी वर-खाली करून ग्राउंड बॅलन्स केला, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज यंत्राला सोडून द्यायला लावला, सेन्सिटिव्हिटी दोन घरं उतरवली. खोलवरचं थोडं हुकलं असेल, पण नंतरच्या आवाजावर भरवसा तरी ठेवता आला.

खरी पंचाईत सोन्याची. बारीक अंगठीचा पडद्यावर जो आकडा येतो, साधारण तोच गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी पन्नीचा येतो. कचरा वगळून फक्त अंगठी दाखव, असं यंत्राला सांगता येत नाही. मधल्या पट्टीतला आवाज आला की उकरायचंच. दुपारपर्यंत पिशवीत पन्न्या, बैलांच्या पत्र्या (खुरांना ठोकायचे नाल), ट्रॅक्टरचे दोन नट आणि एका कुलपाचा कोयंडा. पत्र्या बघून मामा खूश झाला. बैल विकून त्याला बारा वर्षं झालीत.

मग बांधाजवळ एक स्वच्छ, उंच आवाज आला आणि माझा धीर सुटला. आवाजाच्या बरोबर मधोमध खुरपं उभं घातलं. कच्च. ओंजळीत आली हिरवी पडलेली शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं), 'छत्रपति'च्या मधोमध दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी, आणि त्या रेघांना छेदून माझ्या खुरप्याची तिसरी, नवी कोरी, लालभडक. मित्र काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतरचा प्रत्येक खड्डा असा घेतला. कॉइल आधी आडवी, मग उभी फिरवून फुलीचा मध्य धरायचा. मध्यापासून चहूबाजूंनी वीतभर जागा सोडून गोल पाडायचा, खुरप्याचं टोक बाहेरच्या बाजूला झुकलेलं. बांधावर गवत असेल तर तीनच बाजू कापायच्या. चौथी बिजागरीसारखी ठेवून गवताचं झाकण उलटायचं, म्हणजे मुळं जगतात. माती गोणपाटावर काढायची, शेजारी फेकायची नाही. मग पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) आधी खड्ड्यात, मग ढिगाऱ्यात फिरवायचा. वस्तू दिसली तरी ओढायची नाही. बाजूची माती बोटांनी किंवा बांबूच्या काडीने मोकळी करायची. शेवटी गोणपाट खड्ड्यात रिकामं करून, झाकण बसवून पायाने दाबायचं. बांधावरच्या दगडांच्या फटीत हात घालू नका, फुरसं तिथेच असतं.

घरी गेल्यावर दुसरं संकट. मामी चिंच घेऊन उभी. "दे, लख्ख करून देते." तिच्या हातून नाणं अक्षरशः हिसकावलं. हिरवा थर घासला की त्याबरोबर अक्षरंही जातात. मातीसकट सुकू द्यावं, मऊ कागदात गुंडाळावं, सापडल्याची जागा आणि खोली चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावी.

आता कायद्याचं. 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची चीज सापडली, तर काय, कुठे आणि कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. एकट्या नाण्यासाठी कशाला, असा विचार करू नका, अर्ज द्या. मडक्याचे तुकडे, जळकी माती, एकाहून जास्त नाणी दिसायला लागली तर तिथेच थांबायचं. शिरूरकडच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने वर्षानुवर्षं उत्खनन करून ताम्रपाषाण काळातली वस्ती उलगडली, ती कुठल्या थरात काय आहे हे बघत बघत. आपल्या खड्ड्याने तो थरच पुसला जातो. आणि पुरंदर, मल्हारगड जवळ आहेत म्हणून यंत्र घेऊन गडावर चढू नका. संरक्षित जागेत परवानगीशिवाय खोदणं हा गुन्हाच आहे.

अंगठी? दुपारी भाकरी खाताना मामीला विचारलं, "तोडणीच्या दिवशी न्याहारी कुठे केलीस?" अंजिराखाली, म्हणाली, आणि हात पाटावर धुतले. सकाळभर आम्ही वाटाण्याच्या सऱ्या चाळत बसलो होतो! पाटाकडेला तिसऱ्याच खड्ड्यात आवाज आला, खड्ड्यात काही नाही, ढिगाऱ्यात नुसतं मुठीएवढं ढेकूळ. पिनपॉइंटर ढेकळालाच चिकटून वाजत होता. दोन्ही हातांनी ते हळू फोडलं.

शिवराईचा अर्ज आम्ही दुसऱ्या दिवशी दिला, पोच घेतली. मामी म्हणाली, "तुझ्या खुरप्याचं पण लिहिलंस ना त्यात?" लिहिलंय.