रेडिओ लिंक निर्दोष! घोळ फक्त २० बाइटचा होता

सापडलं एकदाचं!! पाऊस लागल्यापासून खालच्या घरात काही साइट उघडत नाहीत, फोटो चढत नाहीत, या मागच्या अपडेटनंतर ज्यांनी रेडिओ बदल, खांब उंच कर, नाहीतर मधली चार झाडं काढ असं सुचवलं होतं त्यांना आधी सांगतो, वाडीतल्या एकाही पोफळीला हात लावलेला नाही आणि दोन्ही सीपीई, म्हणजे खांबांवरचे रेडिओ, होते तिथेच आहेत. खालच्या घरात आता बँकेची साइट उघडते, काकूंचे होमस्टेचे फोटो चढतात, आणि गणपतीला मुंबईची मंडळी यायच्या आत हे झालं याचा आनंद वेगळाच आहे.

सेटअप तोच. गुहागरात रस्त्याला लागून वरचं घर, तिथे फायबर येतो, ओएनटी (फायबरचा डबा) ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसता पुढे ढकलणारा, पीपीपीओई (ऑपरेटरकडचं लॉगिन) आपला आर्चर सी६ राउटर डायल करतो ओपनडब्ल्यूआरटी या मोफत फर्मवेअरवर, आणि तिथून मागच्या वाडीतून रेडिओने समुद्राच्या अंगाला खालचं, अण्णाकाकांचं घर. नुसत्या राउटरच्या वायफायने तिथवर जायचा प्रश्नच नाही, जांभ्याच्या भिंती आहेत, एक खोली ओलांडली की ५ गिगाहर्ट्झ संपतो.

तर लक्षणं परत एकदा, कारण त्यातच सगळं दडलेलं होतं. पाऊस लागला आणि काकू म्हणायला लागल्या की अरे तुझ्या त्या खांबावरच्या डब्याला काहीतरी झालंय बघ, फोटो अर्धे जातात आणि गोल फिरत बसतं. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात, युट्यूब एचडीमध्ये चालतो, गूगल झटकन उघडतं, पण बँकेची साइट, वीजबिलाची साइट, अण्णाकाकांचा मेल, हे नुसतं वेटिंग. एरर नाही, काही नाही, पांढरं पान. ओल्या पानांनी सिग्नल खाल्ला असेल हा संशय रास्तच होता, पाऊस लागल्यापासून सिग्नल -६२ डीबीएमवरून -७० ला, म्हणजे कमजोर, झाला होता. पण -७० ला लिंक मंदावेल, अशी निवडून साइट थोडीच अडवेल? युट्यूब चालतो आणि दोन ओळींचं वीजबिल उघडत नाही, हे काही केल्या पटत नव्हतं.

मग वरच्या घरात राउटरला थेट केबल लावून बसलो. तेच. म्हणजे रेडिओ सुटला. मग राउटरही काढला आणि ओएनटीला लॅपटॉप लावून त्यातूनच पीपीपीओई डायल केलं. तरी तेच! मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच लॅपटॉप, तीच साइट, लगेच उघडली. इथे खरं तर अर्धी लढाई जिंकली होती, कारण आता ओएनटी सोडला तर दोन्ही घरांतलं एकही यंत्र संशयात उरलं नाही, जे काय आहे ते बहुतेक भिंतीबाहेर.

ऑपरेटरकडून लाइनमन आला, माणूस चांगला, भर पावसात खांबावर चढणारा, पण त्याच्या हातात एकच हत्यार, स्पीड टेस्ट. "दादा, स्पीड तर फुल्ल येतोय की!" येणारच, त्यांच्या टेस्टचा सर्व्हर त्यांच्याच नेटवर्कात बसलाय, पॅकेट बाहेरच्या जगात पोचतच नाही. माझं ठाम मत आहे की ऑपरेटरच्या स्वतःच्या सर्व्हरवरची स्पीड टेस्ट तक्रार तपासायला वापरूच नये, त्यातून फक्त शेवटची तार शाबूत आहे एवढंच कळतं.

आता मुख्य गोष्ट. पीपीपीओईचं हेडर (पॅकेटच्या पुढे लागणारी माहितीची पट्टी) ८ बाइट खातं, म्हणून १५०० चा एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, १४९२ होतो, हे आपल्याला पाठ आहे. ओपनडब्ल्यूआरटीत वॅन (इंटरनेटकडच्या) झोनला एमएसएस क्लॅम्पिंग असतंच, त्यामुळे टीसीपीचा एमएसएस, म्हणजे हेडर सोडून एका पॅकेटातला माल, १४५२ वर बांधला जातो आणि सगळं सुखाने चालतं. मी डू नॉट फ्रॅगमेंट (पॅकेट तोडू नका) लावून १.१.१.१ ला पिंग मारायला घेतलं. विंडोजमध्ये पिंगला एफ आणि एल हे दोन पर्याय, एल पुढे साइज, आणि त्यात हेडरचे २८ मिळवायचे. १४७२ ला माझ्याच राउटरने सांगितलं की पॅकेट तोडावं लागेल, बरोबर, ते व्हायलाच हवं. १४६४ ला, म्हणजे एकूण १४९२, उत्तर यायला हवं होतं. आलं नाही. आणि नीट बघा, "तोडावं लागेल" असंही आलं नाही, नुसतं रिक्वेस्ट टाइम्ड आऊट. मग एकेक कमी करत गेलो, १४६०, १४५६, १४५४, सगळं गप्प, आणि १४५२ ला धडाधड उत्तरं!!! १४५३ ला परत गप्प. तो स्क्रीन मी काकूंना बोलावून दाखवला, त्यांना काय दिसलं माहीत नाही पण मला बघून त्या हसल्या आणि चहा टाकला.

१४५२ अधिक २८ म्हणजे १४८०. आणि १५०० मधून १४८० गेले की उरले २०, म्हणजे एका आयपीव्ही४ हेडरची बरोब्बर लांबी. वाटेत कुणीतरी पॅकेटला आणखी एक आयपी हेडर चढवतंय, सरळ सरळ टनेल, म्हणजे पॅकेटात पॅकेट. ऑपरेटरच्या ऑफिसात फोन लावल्यावर दुसऱ्या माणसाने सांगितलं की पावसात मेन लाइन तुटली तेव्हापासून ट्रॅफिक दुसऱ्या रस्त्याने फिरवलाय. झालं, जुळलं. टनेल घालण्यात काही गैर नाही, पावसात लाइन चालू ठेवली हे उत्तमच केलं, पण टनेलच्या तोंडाशी बसलेल्या राउटरने "पॅकेट मोठं आहे" हा आयसीएमपी (नेटवर्कच्या अडचणी कळवणारा) निरोप मागे पाठवायला हवा, तो कुठेतरी अडवलाय. पाथ एमटीयू डिस्कव्हरी, म्हणजे वाटेतली कमाल लांबी शोधायची रीत, १९९० पासून ह्या एका निरोपावर चालते. सुरक्षेच्या नावाखाली सरसकट आयसीएमपी बंद करणारी सेटिंग्ज बघितली की मला खरंच राग येतो, कारण त्रास अशा माणसाला होतो ज्याला आयसीएमपी हा शब्दही माहीत नसतो, तो बिचारा लॅपटॉप फॉरमॅट करून आणतो.

मग बाकीची लक्षणं एकेक करून उलगडत गेली. युट्यूब आणि गूगल टीसीपीऐवजी क्विक या प्रोटोकॉलवर चालतात, त्याची पॅकेटं सुरुवातीला १२०० च्या आसपासच असतात, ती ह्या भोकातून आरामात जातात. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज तर केवढासा. पण बँकेच्या साइटला सर्टिफिकेट पाठवावं लागतं, ते काही केबीचं, म्हणजे भरगच्च पॅकेटं, ती गेली ती गेलीच. फोटो अपलोडमध्ये तेच उलट दिशेने.

आणि सगळ्यात सुंदर भाग, वायरगार्ड. ऑपरेटर आपल्याला १००.६४ वाला सीजीनॅटचा, म्हणजे अनेकांत वाटलेल्या आयपीमागचा, पत्ता देतो त्यामुळे बाहेरून घरात शिरता येत नाही, म्हणून मुंबईतल्या व्हीपीएसवरून (भाड्याच्या सर्व्हरवरून) वायरगार्ड हा व्हीपीएन घेतलाय हे जुन्या लोकांना माहीत आहे. ह्या सगळ्या काळात लॅपटॉपवर वायरगार्ड चालू केला की बँकेची साइट उघडायची! ते कोडं मला झोपू देत नव्हतं. आता गणित बघा, वायरगार्डचा डिफॉल्ट एमटीयू १४२०, त्यावर आयपीव्ही४ वरून जाताना ६० बाइट चढतात, २० आयपीचे, ८ यूडीपीचे, ३२ त्याचे स्वतःचे. १४२० अधिक ६० बरोबर १४८०. एक बाइट इकडे नाही की तिकडे नाही. कागदावर ही बेरीज केली तेव्हा जो आनंद झाला तो पहिल्यांदा लिंक जुळली तेव्हाही झाला नव्हता.

उपाय एका ओळीचा. वॅन इंटरफेसच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये एमटीयू १४८० केला, रिस्टार्ट. क्लॅम्पिंग त्याच्यावरून आपोआप एमएसएस १४४० धरतं. दोन्ही घरं सुटली.

इथपर्यंत लिहून झालं आणि आत्ता लिहिता लिहिता डोक्यात आलं की हे असंच ठेवणं बरोबर नाही. मेन लाइन जोडल्यावर ऑपरेटर टनेल काढेल, किंवा आणखी एक घालेल, आणि मला ते कळायला हवं. राउटरवर रोज रात्री आपोआप पिंग मारून मोजणारी स्क्रिप्ट टाकणार होतो, पण वॅनचाच एमटीयू १४८० असेल तर राउटर त्याहून मोठं पॅकेट न तोडता बाहेर पाठवूच शकणार नाही, मग मोजणार काय? म्हणजे वॅन परत १४९२ करायचा आणि एमएसएस वेगळ्या नियमाने १४४० ला बांधायचा. ओपनडब्ल्यूआरटी २२.०३ पासून फायरवॉल आयपीटेबल्सवरून एनएफटेबल्सवर गेलीय त्यामुळे जुन्या धाग्यांतल्या आयपीटेबल्सच्या ओळी चिकटवू नका, एनएफटेबल्स.डी फोल्डरमध्ये छोटी फाइल टाकायची, पीपीपीओई-वॅनवरून येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही सिन (जोडणी सुरू करणाऱ्या) पॅकेटांना मॅक्ससेग, म्हणजे एमएसएस, १४४०. डिफॉल्ट क्लॅम्पिंगशी भांडण होत नाही कारण एनएफटी एमएसएस कमी करतं, वाढवत नाही. तोटा एवढाच की टीसीपी सोडून बाकी मोठ्या पॅकेटांना राउटर काही सांगणार नाही, पण वायरगार्ड बसतोच आहे आणि व्हिडिओ कॉलची पॅकेटं लहान असतात, तेव्हा चालेल. आज रात्री सगळे झोपले की करतो.

रेडिओचं राहिलंच. -७० मला आवडलेलं नाही. ५ गिगाहर्ट्झला ओली पानं फार खातात, म्हणून गणपतीनंतर २.४ वाला सीपीई२१० चा जोड लावून बघायचा विचार होता, पण आता वाटतंय की आधी केबल बदलावी. खालच्या खांबावरचा आरजे४५ (केबलच्या टोकाचा प्लग) उघडला तर पिना हिरव्या पडल्यात, खारी हवा, दुसरं काय. तिथली केबल जुनी, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे, पीओईला (नेटवर्क केबलमधूनच वीज द्यायला) ती घेऊच नये, रेझिस्टन्स जास्त आणि किनाऱ्यावर टोकं लवकर कुजतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येणाऱ्या चुलतभावाला शुद्ध तांब्याची, काळ्या आवरणाची आउटडोअर कॅट६ आणि सिलिकॉन ग्रीसची ट्यूब आणायला सांगितलीय. मीटरला जरा जास्त पडते पण दर आगोटीला खांबावर चढण्यापेक्षा परवडली. त्याच वेळी दोन्ही टोकांना अर्थिंगवाले सर्ज प्रोटेक्टर बसवतोय, परतीच्या पावसात विजा फार होतात आणि पीओई पोर्ट पहिला जातो.

कुणाकडे कोकणात ह्याच पावसात असं झालं असेल तर १४६४ आणि १४५२ चे पिंग मारून आकडे टाका, तालुका लिहा. एकाच टनेलमागे किती गावं आहेत ते कळलं तर ऑपरेटरशी बोलायला जोर येईल, आणि स्क्रिप्ट चालली की ती पण इथेच टाकतो.