वाटाणा-फुटाण्याच्या वाटण्या

२१ मार्च
आमची दोन्ही कासवं हिवाळ्याची झोप संपवून फ्रिजमधून बाहेर आली. अकरा आठवडे पाच अंशांवर, मातीत आणि बीच नावाच्या झाडाच्या सुक्या पानांत. वाटाणा ६४ ग्रॅम, फुटाणा ५९. झोपायला जाताना ६८ आणि ६३ होते, म्हणजे घट दहा टक्क्यांच्या बरीच आत आहे. कोमट पाण्यात बसवल्यावर दोघंही घटाघटा प्यायली.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी : ही हर्मन कासवं, बाल्कनकडची पूर्व उपजात. येत्या ऑगस्टात दोन वर्षांची होतील. आम्ही स्टुटगार्टजवळ तळमजल्यावर भाड्यानं राहतो, मागे बागेचा छोटा तुकडा आहे. दोघांचे कागद आहेत, निसर्गसंरक्षण कार्यालयात नोंद आहे. भारतातून वाचणाऱ्यांनी हे बघून घरी कासव आणायचं मनात आणू नये. तिकडे बाजारात लपवूनछपवून विकतात ते तारा कासव पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि २०१९पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे.

दोन का घेतली? ‘एकट्याला करमणार नाही’ म्हणून. हे वाक्य माझं आहे, ज्यांच्याकडून घेतली त्यांचं नाही.

१४ एप्रिल
ऊन बरं असलं की दिवसा बाहेरच्या पेटीत, म्हणजे इथे ज्याला फ्र्यूबेट म्हणतात त्यात. लाकडी चौकट आणि वर अतिनील किरण आत सोडणारं दुपदरी झाकण. रात्री घरातल्या १२० बाय ६० सेंटिमीटरच्या टेबलावर. आज दिव्याखाली वाटाणा चक्क फुटाण्याच्या पाठीवर चढून ऊन खात होता. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आई म्हणाली, ‘अगं, किती जीव आहे गं एकमेकांवर!’

हा फोटो मी अजून ठेवलाय. पुढचं वाचलंत की कळेल का.

१२ मे
वाटाणा ८१. फुटाणा ५७. दोनदा वजन केलं, मग काट्यावर साखरेची पुडी ठेवून पाहिली. काटा बरोबर आहे.

१६ मे
जंत असतील म्हणून विष्ठा तपासून घेतली. थोडे ऑक्सियुरिड जातीचे जंत निघाले, तेवढे कासवांत असतातच, त्यावर औषध दिलं नाही. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला : पेटीत किती आहेत? दोन म्हटल्यावर म्हणाल्या, एक दिवस काही न करता नुसतं बसून बघा.

१८ मे, शनिवार
बसले. सकाळी आठ ते दुपारी एक, चहाचा थर्मास आणि वही घेऊन.

८.४० : वाटाणा बाहेर आला, दिव्याखाली पसरला, पाय लांब केले. फुटाणा मातीत.
९.३० : डँडेलियन आणि क्लोव्हरचा पाला पाटीच्या दगडावर ठेवला. वाटाणा जेवला. फुटाणा मातीत.
१०.५० : फुटाण्याचं डोकं दिसलं. तो दिव्याकडे निघाला. वाटाणा जागचा उठला, त्याच्यापुढे आडवा जाऊन थांबला, मान लांब केली आणि डोकं दोनतीनदा खालीवर हलवलं. फुटाणा वळला.
११.०५ : फुटाणा दगडाकडे. वाटाणा मागून आला, पुढच्या उजव्या पायाचा चावा घेतला आणि सोडला. फुटाण्यानं हातपाय आत ओढले. मग कवचावर दोन धडका. टकटक असा बारीक आवाज येतो, लाकडावर चमचा आपटावा तसा. मार्चपासून हा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि ‘खेळतायत’ म्हणत होते.
११.२० : फुटाणा कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे. साडेबारापर्यंत तसाच.

पाच तासांत चावा एकदाच आणि धडका दोन. रक्त नाही. म्हणूनच तर लक्षात येत नाही. आपण जखम शोधत बसतो, आणि इथे मारामारी होती ऊबेची. कासवाला अंगची उष्णता नाही. सकाळी दिव्याखाली ३५ अंशांत तासभर शेकल्याशिवाय त्याचं पोट चालू होत नाही. जो शेकत नाही तो खात नाही, आणि खाल्लं तरी ते नीट पचत नाही. फुटाण्याला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. त्याला गार ठेवलं होतं.

पाठीवर चढणं म्हणजे जीव लावणं नव्हे, हेही त्याच दिवशी कळलं. दिवा एक, त्याखालची सगळ्यात गरम जागा हाताच्या पंज्याएवढी, आणि तिथे फुटाणा जमीन झाला होता.

आईला सांगितलं. म्हणाली, भावंडं भांडणारच, तू आणि दादा नव्हता का भांडत? आई, आमच्या दोघांना निजायला वेगळ्या खोल्या होत्या.

१९ मे ते १ जून
वेगळं करायला मन धजेना, म्हणून आधी घराची मांडणी बदलली. दुसरा दिवा. दुसरा जेवणाचा दगड, पहिल्यावरून दिसणार नाही असा. मध्ये मातीच्या कुंड्या अर्ध्या कापून, झाडाची मुळं, गवताचे गड्डे. नजर अडली की पाठलाग थांबतो, हे बरोबरच आहे.

थांबला, आठ दिवस. नवव्या दिवशी वाटाण्यानं फेरी ठरवून घेतली : एका दिव्याखाली शेकायचं, दुसऱ्यावर चक्कर, परत पहिल्यावर. दोन्ही दुकानं त्याचीच. फुटाणा आता कुंडीत.

२ जून
फुटाण्याच्या पुढच्या पायाचे दोन खवले गेलेत, खाली लालसर ओरखडा. पातळ बीटाडीननं पुसून घेतलं. उन्हाळ्यात बाहेर जखमेवर माशी अंडी घालते आणि दोन दिवसांत अळ्या पडतात, म्हणून त्याला घरात स्वयंपाकघराच्या कागदावर, स्वच्छ डब्यात ठेवलं. चार दिवस.

पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला तो आपणहून दिव्याखाली गेला.

७ ते ११ जून
वाटण्या झाल्या. टेबलाच्या मधोमध आडोसा. घरात प्लेक्सिग्लासचा, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचा, तुकडा पडून होता तो लावला, आणि ही माझी दुसरी चूक. वाटाणा तीन दिवस त्या काचेला नाक घासत इकडून तिकडे चालत राहिला, खाणंही टाकलं. समोरचा दिसतो पण हाती लागत नाही! तो काढून २५ सेंटिमीटर उंच लाकडी फळी बसवली. दुसऱ्या दिवशी दोघंही शांत. बाहेरच्या पेटीतही तशीच फळी.

खरं तर अर्ध्या टेबलाचं घर कायमचं पुरणार नाही. तूर्त एवढंच.

२३ जून
फुटाणा ६३. पहिल्यांदाच मार्चच्या वर.

‘तिसरं आणा, म्हणजे लक्ष विभागेल’ असं मला दोघातिघांनी सुचवलं. (नावही तयार आहे : शेंगदाणा.) यात तथ्य नाही असं नाही. एका घरट्यातली आठदहा पिल्लं एकत्र वाढवणारे आहेत, आणि तिथे त्रास वाटला जातो. जोडी सगळ्यात वाईट, कारण दांडगटाला निवडायला एकच असतो. पण माझ्या टेबलावर तिसरं आणणं म्हणजे जुगार. हरले तर तिसऱ्या जिवाचं घर, तिसरा दिवा आणि तिसरे कागद. पुढे मोठेपणी मोठ्या बागेत एक नर आणि बऱ्याच माद्या असं जमतं, तेव्हा बघू.

नरावरून आठवलं. ‘नर असेल म्हणून मारतो’ हे सगळ्यांचं पहिलं उत्तर. या वयात लिंग ओळखूच येत नाही, शेपटी लांब होऊन पोटाच्या ढालीला खोलगटपणा यायला अजून काही वर्षं आहेत. आणि लिंग ठरतं अंड्याच्या तापमानावर : साधारण साडेएकतीस अंशांच्या खाली नर, वर माद्या. आमची अंडी ३३ला उबवलेली. म्हणजे मी इतके दिवस ‘तो’ लिहितेय तो वाटाणा बहुधा बाईमाणूस आहे.

११ ऑगस्ट
वाटाणा १०७, फुटाणा ८२. फुटाणा आता कॅल्शियमसाठी ठेवलेला समुद्रफेनाचा तुकडा स्वतः कुरतडतो, पूर्वी शिवतही नसे. पायाला नवे खवले येतायत, रंगानं फिके.

निसर्गसंरक्षण कार्यालयासाठीचे फोटो काढले, आलेखाच्या कागदावर ठेवून, पाठ आणि पोट दोन्ही. वाढत्या वयात हे फोटो नवे करत राहावे लागतात, कारण आपल्या बोटांच्या ठशांसारखीच कवचावरची नक्षी ही ओळख. गेल्या ऑक्टोबरचे शेजारी ठेवले. तेव्हा दोघं चौकोन मोजून सारखी होती. म्हणजे सगळा फरक वसंतातला. मी दर आठवड्याला वजन केलं असतं, तर एप्रिलमध्येच दिसला असता. आता दर रविवारी, आंघोळीनंतर नाही, आधी. पाणी प्यायल्यावर काटा फसवतो.

२७ ऑक्टोबर
वाटाणा ११६, फुटाणा ९८. खाणं हळूहळू थांबवतेय, दिव्याचे तास कमी करतेय. गेल्या वर्षी दोघांना एकाच डब्यात झोपवलं होतं. यंदा दोन डबे, दोन चिठ्ठ्या, फ्रिजच्या दोन कप्प्यांवर.

आईनं काल विचारलं, ‘मग आता कायमचंच वेगळं बिऱ्हाड?’ हो. नवऱ्यानं बागेत दुसऱ्या पेटीसाठी जागा मोजलीय, घरमालकांना अजून विचारायचंय. टोमॅटोची रांग मात्र जाणार.