गाळ काढण्याआधी तळ्याचा मूळ तळ शोधा

तळं उथळ झालं की थेट पोकलेन मागवलं जातं. त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: गाळ येतो कुठून, आणि मूळ तळ नेमका किती खोल आहे. दुसरी गोष्ट न बघता खोदल्यामुळे चांगली तळी कायमची बिघडतात.

मोजणी अवघड नाही. तळ्यावर 20-25 मीटरचे चौकोन आखून होडीतून प्रत्येक कोपऱ्यावर दोन मापं घ्यायची. काठीच्या टोकाला ताटलीएवढी चकती लावली की ती गाळाच्या माथ्यावर टेकते. मग बारीक लोखंडी सळई कठीण थर लागेपर्यंत दाबायची. दोन्हींतला फरक म्हणजे गाळाची जाडी. त्या दिवशीची पाणीपातळी काठावरच्या पक्क्या खुणेशी जोडून लिहा, नाहीतर पाणी उतरल्यावर त्या आकड्यांना अर्थ उरत नाही. सळई कधीकधी गाळातल्याच वाळूच्या थरावर अडते आणि जाडी कमी भरते. म्हणून काही ठिकाणी प्लास्टिकचा पाइप खुपसून उभा नमुना काढावाच. वरचा गाळ बहुधा काळपट, मऊ आणि वासाचा असतो. खाली घट्ट, वेगळ्या रंगाची माती लागते. तिथे थांबायचं.

अनेक तळ्यांत पाणी धरतो तो हाच चिकणमातीचा थर. आणखी खोलीच्या हौसेपायी तो फोडला की खालच्या वाळू-मुरमातून पाणी पाझरतं आणि तळं आधीपेक्षा लवकर आटतं. बकेटचा अंदाज वीतभर चुकतोच, तेव्हा शेवटचा 15-20 सेंटिमीटर गाळ राहू द्यावा. काठही उभा कापू नये. 1:3 (एक मीटर खोलीला तीन मीटर आडवं अंतर) किंवा त्याहून सौम्य उतार ठेवला तर माती सहसा ढासळत नाही आणि पाणवनस्पतींना उथळ पट्टा मिळतो.

एका हेक्टरवर 10 सेंटिमीटर गाळ म्हणजे 1000 घनमीटर, म्हणजे 10 घनमीटरच्या डंपरच्या 100 खेपा. उकरलेला गाळ फुगतो, त्यामुळे खेपा त्याहून जास्तच. पाणी उतरवता आलं तर गाळ सुकवून काढणं सोपं. नाहीतर ड्रेजर, म्हणजे पाण्यातूनच गाळ ओढणारं यंत्र, लागतं; त्याने ओढलेल्या मिश्रणात बहुतेक पाणीच असतं. ते निथळायला मोठी जागा आधीच तयार हवी. काढलेला गाळ काठावर रचला तर पहिल्याच पावसात परत आत येतो. शेतात पसरण्याआधी शिसं, कॅडमियम, क्रोमियम तपासून घ्या, विशेषतः सांडपाणी येत असेल तर.

आणि येणारा गाळ अडवल्याशिवाय हा सगळा खर्च वाया. पाणी शिरतं त्या तोंडाशी ठेंगणा बांध घालून गाळसापळा करावा, साधारण तळ्याच्या 10 टक्के क्षेत्राचा, यंत्र थेट पोचेल असा. त्यात वाळू आणि जाड कण बसतात. बारीक चिकणमाती मात्र निसटते; ती कमी यावी म्हणून वरच्या ओघळींत छोटे बांध आणि काठाला गवताचा पट्टा हवा. सापळ्यात मोजपट्टी रोवा आणि अर्धा भरला की उपसा. पूर्ण भरलेल्या सापळ्यातला साठलेला गाळही मोठ्या पुरात उचलला जाऊन तळ्यात जातो.