आधी दिवस की आधी महिना?

न्यूयॉर्कवरचा हल्ला ११ सप्टेंबर २००१ रोजी झाला, पण अमेरिकेत महिना आधी लिहितात म्हणून तो जगभर ‘९/११’ याच नावाने ओळखला जातो. आपल्या रीतीने वाचल्यास हेच आकडे ९ नोव्हेंबर दाखवतात आणि १९८९ साली नेमक्या त्याच तारखेला बर्लिनची भिंत खुली झाली होती. मुंबईचे ‘२६/११’ मात्र कोणीही वाचले तरी तेच राहते, कारण सव्विसावा महिना कोणत्याच पंचांगात नाही. घोटाळा होतो तो महिन्याच्या पहिल्या बारा तारखांचा; त्यांतून ५/५, ८/८ अशा जुळ्या तारखा वगळल्या तरी वर्षातले १३२ दिवस दुहेरी अर्थाचे उरतात.

अमेरिकेहून आलेल्या भाचीने दिलेल्या चॉकलेटच्या डब्यावर, कधीपर्यंत खावे ते सांगण्यासाठी, ०५/०८/२५ एवढेच छापलेले होते. तेव्हा जून चालू होता, त्यामुळे मुदत संपली की अजून दोन महिने आहेत, हे ठरवायला दुसरा काही पुरावा हवा होता. तळाशी उत्पादनाची तारीख ११/२०/२४ अशी सापडली आणि निकाल मे महिन्याच्या बाजूने लागला. “चॉकलेटला काय होतंय,” असे म्हणून बहिणीने डबा उघडला, ते वेगळे.

१४ मार्च हा ‘पाय दिवस’ही असाच अमेरिकन लिखाणातून जन्मला, कारण तिथे ती तारीख ३/१४ होते. आपल्याकडे २२ जुलै म्हणजे २२/७, शाळेत घोकलेला तोच अपूर्णांक, आणि तो ३.१४ पेक्षा पायच्या खऱ्या किमतीच्या अधिक जवळ आहे. हे मला थोड्या अभिमानाने सांगावेसे वाटते.

१२/१२/१२ ला अनेकांनी लग्ने उरकली, काहींनी सिझेरियनची वेळ ठरवून घेतली. एरवी अमावास्येच्या आसपास नवे काही करू नये म्हणणाऱ्या घरांनाही, दुसऱ्याच दिवशी कार्तिक अमावास्या असल्याचे त्या वेळी खटकले नसावे. शके १९३४ च्या हिशेबाने त्या दिवसात एकही बारा नव्हता.

दोन्ही रीतींत टिकणारा एक योगायोग मात्र मला मनापासून आवडतो. कोणत्याही वर्षी ४/४, ६/६, ८/८, १०/१० आणि १२/१२ या तारखा एकाच वारी येतात, कारण लागोपाठच्या दोन तारखांत बरोबर ६३ दिवसांचे, म्हणजे नऊ आठवड्यांचे अंतर असते. जॉन कॉनवे या गणितज्ञाने कोणत्याही तारखेचा वार तोंडी काढण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात ९/५, ५/९, ७/११ आणि ११/७ याही तारखा त्याच वारी येतात. २०२५ मध्ये तो वार शुक्रवार होता, मग त्या तारखा पुण्यात वाचा की शिकागोत.