कालव्याकाठची पायी सहल

मेच्या सुरुवातीच्या सलग सुट्ट्या संपल्या की आझुमिनोच्या आमच्या छोट्याशा प्राथमिक शाळेत सहलीची गडबड सुरू व्हायची. आझुमिनो म्हणजे नागानो प्रांतातला शेतीचा सपाट मुलूख, पश्चिमेला जपानी आल्प्सची रांग. मी तिथे इंग्रजीची सहायक शिक्षिका होते. शाळेचे कार्यक्रम वर्षभर चालायचे, पण मला ओढ असायची ती या ‘एन्सोकु’ची. बस वगैरे काही नाही, सगळी शाळा पायीच निघायची.

सहलीआधी प्रत्येकाला स्टेपल केलेली छोटी पुस्तिका मिळे. रस्ता, गट, सोबत काय आणायचं, सगळं तिच्यात. खाऊ तीनशे येनच्या आतच हवा. मुलं दुकानात पाकिटं हातात धरून बेरजा करत उभी राहायची. केळं खाऊत धरायचं की डब्यात, हा प्रश्न जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातोय. आमच्याकडेही दरवर्षी कुणीतरी तो विचारायचंच. आदल्या संध्याकाळी पाऊस पडू नये म्हणून वर्गाच्या खिडकीत पांढऱ्या बाहुल्या टांगल्या जायच्या.

निघताना पहिलीच्या प्रत्येक मुलाचा हात सहावीच्या एका मुलाच्या हातात दिला जाई. पहिलीची पोरं एप्रिलमध्येच शाळेत आलेली, डोक्यावर पिवळ्या टोप्या. एका वर्षीची जोडी मला अजून दिसते. वर्गात तोंडातून शब्द न काढणारा एक उंच मुलगा आणि दर दहा पावलांना थांबणारी एक चिमुरडी. पिवळं फूल दिसलं, थांबली. शेतात बेडूक ओरडला, थांबली. तो न बोलता तिच्याबरोबर थांबायचा. रस्ता अरुंद झाला की स्वतः गाड्यांच्या बाजूला यायचा आणि तिला आतल्या बाजूला घ्यायचा. तिची पाण्याची बाटली कधी त्याच्या खांद्यावर गेली, कळलंच नाही. शिक्षक हे सगळं बघत होते, पण मध्ये पडत नव्हते. रांगेचा वेग सर्वांत लहान पावलांनी ठरायचा, आणि त्याबद्दल कुणी कुरकुरल्याचं मला आठवत नाही. रस्ता ओलांडून झाला की थांबलेल्या गाडीकडे वळून सगळे वाकून नमस्कार करत.

वाट जिक्कासेगी कालव्याच्या काठाने जाई. 1816 साली गावकऱ्यांनी तो जेमतेम तीन महिन्यांत खणला. लांबी सुमारे 15 किलोमीटर, आणि उतार इतका कमी की पाणी डोंगराकडे चढतंय असा भास होतो. नावातला ‘दहा’ हा आकडा त्याच्या पाण्यावर जगणाऱ्या दहा गावांचा. चौथीची मुलं हे सगळं अभिमानाने सांगायची. पहिलीतल्यांचा त्यावर विश्वास बसायचा नाही, मग कुणीतरी पान टाकायचं आणि ते कुठे जातंय हे बघायला अख्खा गट काठाने धावायचा. आजूबाजूच्या खाचरांत लावणीसाठी पाणी भरलेलं असायचं, त्यात बर्फाळ शिखरं उलटी दिसायची. 2857 मीटरच्या जोनेन शिखरावर बर्फ वितळताना हातात मद्याची सुरई घेतलेला भिक्षू दिसू लागतो, आणि पूर्वी शेतकरी तो बघून शेतीच्या कामाला लागत. मला तो भिक्षू दाखवण्यासाठी मुलांची चढाओढ लागायची. “सेन्सेई, तिथे नाही, त्याच्या खाली!”

पोहोचलो की चटया पसरायच्या. एरवी जेवण शाळेतच मिळत असल्याने घरच्या डब्याची अपूर्वाई मोठी. भाताचे ओनिगिरी, गोडसर अंड्याची गुंडाळी, आठ पायांच्या ऑक्टोपससारखे कापलेले सॉसेज. डबा एकमेकांना द्यायला मात्र मनाई, कारण अॅलर्जीची भीती. आपल्या वनभोजनात एकाच्या डब्यातली चटणी दहा पोळ्यांवर जाते, त्यामुळे मला हे चुकल्यासारखं वाटायचं. अजूनही वाटतं. माझं थालीपीठ मुलं नुसतं वास घेऊन परत करायची.

परतताना सूर्य समोर यायचा आणि पहिलीची पोरं पेंगायची. शाळेच्या मैदानावर मुख्याध्यापक बजावायचे, की घरी पोहोचेपर्यंत सहल संपलेली नाही. मग सहावीची मुलं आपल्या जोडीदाराला त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला निघायची. तो उंच मुलगाही निघाला. बाटली अजून त्याच्याच खांद्यावर होती, आणि ती मुलगी आता त्याला काहीतरी सांगत होती, न थांबता.