टॅपन झी: पूल नवा, तोंडी नाव जुनंच

"उद्या टॅपन झीवर चालायला जाऊ," जावई म्हणाले. मी मोबाईलवर शोधलं, तर 'गव्हर्नर मारिओ एम. कुओमो ब्रिज'! म्हटलं, मुक्काम बदलला की काय?

ठिकाण तेच. झी म्हणजे आपली वाहिनी नव्हे, डच भाषेत समुद्र. टॅपन ही इथली मूळ जमात. न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदी इथे जवळपास 5 किलोमीटर पसरते, तेव्हा डचांना ती समुद्र वाटली यात नवल नाही. पण पूल बांधायला इतकं रुंद पात्र कोण निवडेल? गोम टोलमध्ये आहे. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याभोवती साधारण 40 किलोमीटरपर्यंत पुलांवर न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या संयुक्त पोर्ट ऑथॉरिटीचा हक्क. ती हद्द ओलांडली की लगेच राज्याने स्वतःचा पूल टाकला आणि टोल थ्रूवेच्या, म्हणजे राज्याच्या टोल महामार्गाच्या, तिजोरीत वळवला. 1955 ची ही गोष्ट.

1994 मध्ये 'टॅपन झी'आधी माजी गव्हर्नर माल्कम विल्सन यांचं नाव जोडलं. ते पाटीवरच राहिलं. मग जुन्याच्या जागी नवा जुळा पूल आला. त्यावरून 2017 मध्ये गाड्या धावू लागल्या, तेव्हा नाव दिलं माजी गव्हर्नर मारिओ कुओमोंचं, आणि त्या वेळी गव्हर्नर कोण? त्यांचेच चिरंजीव अँड्र्यू! जुनं नाव परत द्या म्हणून लोकांनी सह्या गोळा केल्या. आपल्याकडच्या चौकांच्या पाट्या आठवल्या. जावई तर नवं नाव घेतच नाहीत.

आता जाणाऱ्यांसाठी. पायी आणि सायकलने जायला पैसे पडत नाहीत. वाट उत्तरेच्या अंगाला आहे, एका बाजूने 5.8 किलोमीटर. परतीचं अंतर धरूनच पुढे जा. आम्ही निम्म्यातून वळलो. मध्ये थांबायला सज्जे आहेत, पण सावलीचं नाव नाही आणि वारा टोपी पळवतो. वादळी हवेत वाट बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

न्यू जर्सीहून गाडीने येणाऱ्यांनी पश्चिम टोकाच्या साऊथ नायॅकच्या बाजूनेच चढावं, पूल ओलांडावाच लागत नाही. टोल फक्त पूर्व टोकाच्या टॅरीटाऊनकडे जाताना लागतो. नाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो. ई-झेडपास (आपल्या फास्टॅगसारखा) नसेल तर बिल घरी येतं आणि दरही चढा. मागच्या खेपेला भाड्याची गाडी होती, टोलवर गाडीवाल्यांचा वेगळा आकार बसला! मॅनहॅटनहून येणार असाल तर ग्रँड सेंट्रलहून टॅरीटाऊनची लोकल धरा. स्टेशनपासून वाटेपर्यंत चढ आहे, बूट चांगले घाला.